तिथे आपले कोणी नाही

गेल्या महिन्यातल्या अभ्यासवर्गात मी उत्तर कोरियावर बोललो. मांडणी संपल्यावर प्रश्न विचारायला सांगितले, तेव्हा मागच्या रांगेतला एक तरुण उठला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, वाचन चांगले आहे, आपल्या बहुतेक शिबिरांना येतो. त्याने विचारले, "सर, तिथं मुसलमान किती आहेत?" मी म्हणालो, "जवळजवळ नाहीतच. प्याँगयांगमध्ये इराणच्या दूतावासाच्या आवारात एक मशीद आहे, तेवढीच." त्यावर तो म्हणाला, "मग आपण त्यात कशाला पडायचं? आपलं काय थोडं आहे?"

वर्गात कोणी हसले नाही. उलट बऱ्याच माना हलल्या. मला त्याचा राग आला नाही, कारण त्याच्या प्रश्नामागचा थकवा मला कळतो. घर भाड्याने मागायला गेल्यावर नाव ऐकून दार बंद होते, मोबाईल उघडला की द्वेष समोर येतो, गाझातली चित्रे पाहून झोप लागत नाही. अशा वेळी दूरच्या एका बंदिस्त देशाचे दुःख अंगावर कशाला घ्यायचे, असे वाटणे साहजिक आहे. त्या दिवशी मी घाईत दोन वाक्यांचे उत्तर दिले आणि ते मलाच पटले नाही. म्हणून हे संपादकीय.

आधी तिथे काय घडले ते पाहू.

उत्तर कोरियाची स्थापना १९४८ साली झाली आणि तेव्हापासून तिथे एकाच घराण्याची सत्ता आहे. किम इल-सुंग १९९४ मध्ये वारले, त्यांचे चिरंजीव किम जोंग-इल २०११ मध्ये, आणि आता नातू किम जोंग-उन गादीवर आहेत. नाव लोकशाही प्रजासत्ताकाचे, कारभार राजेशाहीचा. या सत्तेची सर्वात मोठी ताकद लष्कर किंवा अणुबॉम्ब आहे असे आपण समजतो. मला वाटते, सर्वसामान्य माणसासाठी ती ताकद होती रेशन. १९५७ मध्ये धान्याचा खासगी व्यापार बंद झाला आणि प्रत्येकाचे पोट सरकारी वाटपावर आले. साध्या कामगाराला दिवसाला साधारण ७०० ग्रॅम धान्य, अवजड काम करणाऱ्याला त्याहून जास्त, मुलांना आणि म्हाताऱ्यांना कमी. आपल्याकडे रेशनकार्ड हा गरिबाचा आधार असतो, पण रेशन नसले तरी माणूस बाजारात जाऊ शकतो. तिथे धान्याचा खुला बाजारच नव्हता. कामावर गैरहजर राहिलात, परवानगीशिवाय दुसऱ्या गावी गेलात, तर जेवण बंद. ताटच सरकारच्या हातात असेल तर माणूस आवाज कुठून काढणार?

या वाटपाच्या जोडीला 'सोंगबुन' नावाची व्यवस्था आली. प्रत्येक कुटुंबाची नोंद सरकारने तीन मोठ्या गटांत केली: निष्ठावंत, डळमळीत आणि शत्रू. त्याखाली आणखी पन्नासेक पोटवर्ग. जपानी राजवटीच्या काळात आजोबा कोण होते, कोरियन युद्धात ते कोणत्या बाजूला होते, त्यांच्याकडे जमीन होती का, ते चर्चमध्ये जात होते का, यावर नातवाचे शिक्षण, नोकरी, लग्न आणि राहण्याचे ठिकाण ठरते. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या तरुणाला समजावून सांगायला नको. फुले आणि आंबेडकरांच्या भूमीत आपण वाढलो आहोत. फरक इतकाच की तिथे ही उतरंड सरकारी दप्तरात लिहिलेली आहे. शत्रू गटातली अनेक कुटुंबे ईशान्येच्या डोंगराळ, थंड प्रांतांत पाठवली गेली.

मग १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. स्वस्तात मिळणारे तेल थांबले, चीननेही रोख पैसे मागायला सुरुवात केली. इंधन नाही म्हणून खतांचे कारखाने बंद, वीज नाही म्हणून पाण्याचे पंप बंद. सरकारने मोहीम काढली की दिवसातून दोनदाच जेवू या. १९९५ मध्ये मोठे पूर आले आणि सरकारने सगळे खापर पुरावर फोडले. पण वाटपव्यवस्था त्याआधीच, विशेषतः ईशान्येत, कोलमडू लागली होती. त्या काही वर्षांत किती माणसे उपासमारीने गेली याचे अंदाज अडीच लाखांपासून तीस लाखांच्या पुढे जातात. अनेक अभ्यासक सहा ते दहा लाखांचा आकडा मानतात. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे सव्वादोन कोटी होती. सरकारने या काळाला 'कठीण वाटचाल' असे वीररसाचे नाव दिले. दुष्काळ हा शब्द टाळला.

इथे मला आपला १९७२ चा दुष्काळ आठवतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते सुकडी आणि मिलोची आठवण सांगतील. महाराष्ट्रात तेव्हा पिके सलग बुडाली होती. पण १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, जनावरे गेली, लोक खंगले, पण उत्तर कोरियासारखे लाखोंनी भूकबळी गेले नाहीत. का? वर्तमानपत्रे रोज छापत होती. विरोधी पक्ष विधानसभेत जाब विचारत होते. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याच काळात सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला. अमर्त्य सेन यांनी जगभरातले दुष्काळ अभ्यासून जे सांगितले त्याचा सारांश असा की, जिथे निवडणुका होतात आणि वर्तमानपत्रे मोकळी असतात, तिथे मोठा भूकबळीचा दुष्काळ होत नाही. मतदान आणि अभिव्यक्ती ही पोट भरलेल्यांची चैन आहे असे आपल्याला अनेकदा ऐकवले जाते. या दोन दुष्काळांची तुलना केली की त्या म्हणण्यातला फोलपणा कळतो.

सरकारने सोडल्यावर लोकांनी काय केले? बाजार मांडला. याचे श्रेय कोणत्याही अर्थतज्ज्ञाला जात नाही. ते जाते बायकांना. पुरुषांना सरकारी कारखान्यात हजेरी लावणे सक्तीचे होते, मग कारखाना बंद का असेना. विवाहित स्त्रियांना त्यातून थोडी सूट होती. त्यांनी घरातली भांडी विकली, टोफू आणि नूडल्स करून रस्त्याकडेला बसल्या, चीनच्या सीमेवरून कपडे, औषधे, साबण आणून विकले. या बाजारांना 'जांगमादांग' म्हणतात. वाटपावर जगलेल्या देशात अनेक घरांत बाई मुख्य कमावती झाली आणि घर तिच्यावर चालू लागले. ज्यांचा जन्म या काळात झाला त्यांना तिथे बाजाराची पिढी म्हणतात. त्यांना सरकारने खाऊ घातले नाही, आईने घातले.

पुढे २००२ मध्ये किमती आणि पगारांत सुधारणा झाल्या, २००३ मध्ये सरकारने बाजारांना छप्पर आणि मान्यता दिली, गाळ्यांचे भाडे घ्यायला सुरुवात केली. मग सत्तेला भीती वाटू लागली. २००५ मध्ये धान्याचा खासगी व्यापार पुन्हा बंद केला. त्यानंतर ठरावीक वयाखालच्या स्त्रियांनी बाजारात बसू नये असे फर्मान निघाले. आणि ३० नोव्हेंबर २००९ रोजी अचानक जाहीर झाले की जुने चलन रद्द. शंभर जुन्या वॉनला एक नवा वॉन, आणि बदलून मिळणार फक्त एक लाख जुने वॉन. बाजारातल्या दराने ही रक्कम जेमतेम तीस-चाळीस डॉलर. मर्यादा नंतर थोडी वाढवली, पण टोफू विकून दहा वर्षे साठवलेला पैसा आठवड्याभरात कागद झाला.

आपल्याला इथे २०१६ ची नोटबंदी आठवेल. आठवू द्या, आणि फरकही नीट पाहा. आपण रांगेत उभे राहिलो, शिव्या घातल्या, त्यावर लेख आले, संसदेत गदारोळ झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला, तरी न्यायमूर्ती नागरत्ना यांनी आपला विरोध लिहून ठेवला आणि तो कोणालाही वाचता येतो. प्याँगयांगमध्ये कुरकूर करणाऱ्याची नोंद शेजारीच करतो. तरीही त्या वेळी लोकांचा रोष इतका होता की पंतप्रधानांनी माफी मागितल्याच्या आणि अर्थव्यवहार पाहणाऱ्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याला गोळ्या घातल्याच्या बातम्या दक्षिण कोरियातून आल्या. लोकांनी धडा घेतला आणि बचत चिनी युआन आणि डॉलरमध्ये ठेवायला सुरुवात केली.

किम जोंग-उन आल्यावर काही वर्षे हात सैल झाला. उपग्रहावरून घेतलेल्या चित्रांत मान्यताप्राप्त बाजारांची संख्या चारशेच्या वर मोजली गेली. शेतकऱ्याला उत्पन्नातला काही वाटा ठेवता येऊ लागला, कारखान्यांच्या व्यवस्थापकांना थोडे अधिकार मिळाले. 'दोंजू' म्हणजे पैशाचे धनी असा नवा वर्ग तयार झाला. ते सरकारी संस्थेच्या नावावर बस चालवत, इमारती बांधत आणि वाटा वर पोचवत. इजिप्तच्या ओरॅसकॉम कंपनीने २००८ मध्येच मोबाईल सेवा सुरू केली होती. ग्राहक लाखोंनी मिळाले, पण नफा देशाबाहेर नेणे कंपनीला जमले नाही. बाहेरून पाहणाऱ्यांना वाटले, बाजार आला, मोबाईल आला, आता मोकळेपणाही येईल. मलाही तसेच वाटत होते. ते चुकीचे निघाले.

कारण बाजार आला तरी हक्क आले नाहीत. व्यापार कायद्याने पूर्ण वैध नव्हता, पूर्ण अवैधही नव्हता. त्यामुळे प्रत्येक व्यापारी कायम गुन्हेगार होता आणि प्रत्येक अधिकारी कायम मेहेरबान. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने देश सोडून आलेल्या २१४ जणांच्या मुलाखतींवर एक अहवाल काढला. त्यातून दिसते की कामावरच्या हजेरीतून सुटायला, दुसऱ्या गावी जायला, बाजारात बसायला, पकडल्यावर सुटायला लाच द्यावी लागते. ज्याच्याकडे पैसा आहे तो जगतो. ज्याच्याकडे नाही, तो छावणीत जातो. अन्न मिळवणे हा माणसाचा हक्क आहे, पण तिथे तो हप्ता भरून विकत घ्यावा लागतो.

आणि जे मेहेरबानीने मिळते ते मेहेरबानी संपली की जाते. जानेवारी २०२० मध्ये कोरोनाच्या निमित्ताने सीमा बंद झाली. ऑगस्टमध्ये सीमापट्ट्यात शिरणाऱ्याला दिसताक्षणी गोळी घालण्याचे आदेश निघाले. कुंपणे वाढली, चौक्या वाढल्या. धान्याची विक्री पुन्हा सरकारी दुकानांकडे ओढली गेली. डिसेंबर २०२० मध्ये 'प्रतिक्रियावादी' विचार आणि संस्कृतीविरोधी कायदा आला. दक्षिण कोरियाच्या मालिका वाटणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा. २०२३ मध्ये दक्षिणेच्या ढंगात बोलण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. म्हणजे प्रेयसीला किंवा मित्राला कोणत्या शब्दाने हाक मारायची हेही सरकार ठरवणार. २०१९ मध्ये हजाराहून अधिक माणसे पळून दक्षिण कोरियात पोचली होती. २०२१ मध्ये फक्त ६३. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालाने सांगितले की गेल्या दहा वर्षांत परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडली. बाजारातल्या बायकांनी पंचवीस वर्षांत जे उभे केले ते दोन-तीन वर्षांत आवळता आले, कारण त्यांच्या हातात ना मत होते, ना न्यायालय, ना वर्तमानपत्र.

आता छावण्यांविषयी. मार्च २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने एक चौकशी आयोग नेमला. ऑस्ट्रेलियाचे निवृत्त न्यायमूर्ती मायकल कर्बी अध्यक्ष, इंडोनेशियाचे मारझुकी दारुस्मान आणि सर्बियाच्या सोन्या बिसेर्को सदस्य. उत्तर कोरियाने त्यांना देशात येऊ दिले नाही. मग आयोगाने सेऊल, टोकियो, लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये जाहीर सुनावण्या घेतल्या. ऐंशीहून अधिक साक्षीदार उघडपणे बोलले, आणखी दोनशे चाळीस जणांच्या मुलाखती गुप्तपणे झाल्या. फेब्रुवारी २०१४ च्या अहवालानुसार चार मोठ्या राजकीय छावण्यांत ८०,००० ते १,२०,००० माणसे होती. एकाच्या गुन्ह्यासाठी तीन पिढ्या आत जातात. तिथे जन्मलेले मूलही कैदी असते. पळून चीनमध्ये गेलेल्या आणि परत पाठवलेल्या गरोदर स्त्रियांचे, गर्भ चिनी पुरुषाचा असल्याच्या संशयावरून, जबरदस्तीने गर्भपात केले गेले. आयोगाने याला मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटले. चीन निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील आहे, तरी या माणसांना तो घुसखोर मानून परत पाठवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा शेकडो जणांना परत पाठवल्याचे मानवी हक्क संघटनांनी सांगितले.

धर्माचे काय, असे तुम्ही विचाराल. तिथल्या राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्य लिहिलेले आहे, पुढे अट आहे की परकीय शक्तींना आत आणण्यासाठी त्याचा वापर होऊ नये. त्या अटीत सगळे स्वातंत्र्य बुडते. एके काळी प्याँगयांगमध्ये इतके ख्रिस्ती होते की त्या शहराला पूर्वेचे जेरुसलेम म्हणत. आज बायबल बाळगणे छावणीत जायला पुरेसे आहे. तिथे कुराण सापडले असते तर वेगळे काही झाले नसते. सत्तेला माणसाच्या मनात दुसरा कोणताही मालक चालत नाही.

पण मला खरे बोलायचे आहे ते आपल्याविषयी. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत या अहवालाच्या आधारे ठराव आला: प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे पाठवण्याचा विचार सुरक्षा परिषदेने करावा. ११६ देश बाजूने, २० विरोधात, ५३ तटस्थ. विरोधात मतदान करणाऱ्यांत इराण, सीरिया, सुदान होते. आपला भारत तटस्थ राहिला. विरोधकांचा युक्तिवाद सारखाच: ही त्या देशाची अंतर्गत बाब आहे, एका देशाला लक्ष्य करू नये.

पुढचे वाचा. जुलै २०१९ मध्ये बावीस देशांनी शिनजियांगमधल्या उइघुर मुसलमानांच्या छळाबद्दल चीनला जाब विचारणारे पत्र लिहिले. त्यात मुस्लिमबहुल असा एकही देश नव्हता. काही दिवसांत ३७ देशांनी चीनची पाठराखण करणारे पत्र दिले. त्यावर सौदी अरेबिया, पाकिस्तान, संयुक्त अरब अमिरात, कुवेत यांच्या सह्या होत्या. आणि त्याच पत्रावर उत्तर कोरियाचीही सही होती. म्यानमारचीही. उइघुरांची मशीद पाडणाऱ्याला शाबासकी देताना रियाध, इस्लामाबाद आणि प्याँगयांग एका रांगेत उभे राहिले. ज्या 'अंतर्गत बाब' या शब्दाने उत्तर कोरियाच्या छावण्या झाकल्या, त्याच शब्दाने उइघुरांच्या छावण्या झाकल्या गेल्या. हे कुलूप दोन्ही दारांना लागते.

किल्लीही दोन्हीकडची एकच असते. चौकशी आयोगातले मारझुकी दारुस्मान आठवतात ना? उत्तर कोरियाचे काम झाल्यावर २०१७ मध्ये तेच म्यानमारच्या सत्यशोधन समितीचे अध्यक्ष झाले. तिथेही सरकारने आत येऊ दिले नाही. तिथेही पळून आलेल्यांच्या साक्षी, उपग्रहाची चित्रे, नावनिशीवार नोंदी. २०१८ मध्ये त्या समितीने रोहिंग्यांवरच्या अत्याचारांसाठी म्यानमारच्या सेनापतींची वंशसंहाराच्या आरोपाखाली चौकशी व्हावी असे सांगितले. बंद देशाविरुद्ध बाहेरून साक्षी कशा जमवायच्या, हे उत्तर कोरियाच्या चौकशीत जगासमोर आले. ज्या प्रश्नात आपले कोणी नव्हते, त्यात मुरलेला माणूस पुढे आपल्यांच्या प्रश्नात उपयोगी पडला. माझ्या त्या तरुण मित्राला मी त्या दिवशी हे सांगायला हवे होते.

आणि अगदीच परके आहेत का ते? कुवेत, कतार, अमिरातीत अनेक वर्षे हजारो उत्तर कोरियन मजूर बांधकामावर होते. कोकणातल्या किती घरांतले चाचा, मामू, भाई त्याच शहरांत राबले. आखाती देशांत आपल्या माणसांचे हाल होतात, पासपोर्ट मालक ठेवून घेतो, हे आपण जाणतो. पण आपला माणूस पगार घरी पाठवतो, शुक्रवारी फोन करतो, सुट्टीला येतो. शेजारच्या इमारतीवर काम करणाऱ्या कोरियन मजुराच्या पगाराचा मोठा वाटा त्याचे सरकार घेई, पासपोर्ट सरकारी देखरेख्याकडे असे, आणि तो पळून जाऊ नये म्हणून बायको-मुले देशातच ठेवलेली असत. डिसेंबर २०१७ च्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाने अशा मजुरांना दोन वर्षांत परत पाठवायचे ठरले. त्याआधी ते आपल्याच लोकांच्या आजूबाजूला होते.

काही वाचक म्हणतील, उत्तर कोरिया निदान अमेरिकेपुढे झुकत नाही, पॅलेस्टाईनच्या बाजूने बोलतो. खरे आहे. त्याने १९८८ मध्येच पॅलेस्टाईनला मान्यता दिली, यासर अराफात तिथे जाऊन आले. हेही खरे की १९५० ते १९५३ च्या युद्धात अमेरिकी बॉम्बफेकीने उत्तर कोरियाची शहरे जमीनदोस्त झाली, आणि २०१७ मध्ये कापड निर्यातीवर घातलेल्या निर्बंधांची झळ कारखान्यातल्या बायकांनाच बसली. इराक आणि गाझाविषयी अमेरिकेला जाब विचारायलाच हवा. पण शत्रूचा शत्रू तो मित्र हा हिशेब माणसांच्या जिवावर करता येत नाही. याच किम घराण्याने सीरियाच्या असद राजवटीला शस्त्रे पुरवली. २०१५ मध्ये, सीरियाची शहरे स्वतःच्याच सरकारच्या बॉम्बखाली असताना, दमास्कसमध्ये किम इल-सुंग यांच्या नावाने बाग उघडण्यात आली. त्या बॉम्बखाली मरणारे बहुसंख्य मुसलमानच होते. मोबाईलवर किम जोंग-उनचे विनोद आणि शौर्याचे रील पुढे पाठवताना एवढे आठवावे.

शेवटी घरातली गोष्ट. 'ही आमची अंतर्गत बाब आहे' हे वाक्य आपल्या चळवळीने कुठे कुठे ऐकले? १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना सोबत घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व यांविरुद्ध त्या बोलत होत्या. तेव्हापासून आजपर्यंत समाजातल्या मुखंडांचे उत्तर ठरलेले आहे: हा समाजाचा अंतर्गत प्रश्न आहे, बाहेर बोलू नका, शत्रूच्या हाती कोलीत देऊ नका. प्रमाण वेगळे, क्रौर्य वेगळे, तुलना मी करत नाही. पण तर्क तोच. जो माणूस बायकोच्या तक्रारीला 'घरातली बाब' म्हणतो, त्याला सरकार जेव्हा 'देशातली बाब' म्हणून त्याचे तोंड बंद करते तेव्हा उत्तर सुचत नाही. बाईचा हक्क, दलिताचा हक्क, उइघुराचा हक्क आणि हामग्योंगच्या बाजारात टोफू विकणाऱ्या बाईचा हक्क हे वेगवेगळ्या दुकानांतले माल नाहीत.

आपल्या हातात काय आहे? फार नाही, पण काहीच नाही असेही नाही. २०१४ चा अहवाल सर्वांना खुला आहे. त्यातल्या साक्षी वाचा. एका बैठकीत वाचून होत नाहीत, तरी वाचा. भारत संयुक्त राष्ट्रांत कोणत्या ठरावावर तटस्थ राहतो याकडे लक्ष ठेवा आणि आपल्या खासदाराला त्याबद्दल विचारा. मतदार म्हणून तो आपला अधिकार आहे आणि उत्तर कोरियाच्या नागरिकाला तो नाही. मानवी हक्कांची सभा घ्याल तेव्हा निवेदनात एक तरी नाव असे घाला, ज्यांच्याशी आपले धर्माचे, जातीचे, भाषेचे काही नाते नाही. अन्याय झाल्यावर लोकांनी आपल्यासाठी उभे राहावे अशी आपली अपेक्षा असते. ती अपेक्षा करण्याचा अधिकार असाच कमवावा लागतो.

तो तरुण पुढच्या महिन्याच्या अभ्यासवर्गाला येईल. विषय अजून ठरलेला नाही. मी त्याला विचारणार आहे की त्या अहवालातल्या दोन-तीन साक्षी तू मराठीत करून वर्गाला सांगशील का. तो नाही म्हणाला तर मी सांगेन. तिथे आपले कोणी नाही, हे खरे. म्हणूनच त्यांच्याविषयी बोलणे ही आपल्या बोलण्याची परीक्षा आहे.